दुसऱ्याच्या कमरेचा जंबिया

“माझाही काढून दे. आत्ताच्या आत्ता.”

गालिब दिवाणखान्याच्या दारात उभा होता. चपला काढल्या नव्हत्या, सलाम केला नव्हता. ज्याला सलाम करायला सवड नाही, तो भांडण घरूनच तयार करून आणतो, हे मुसैदला बावीस वर्षांच्या चाकरीत पाठ झालं होतं. त्यानं हातातलं तेलाचं फडकं बाजूला ठेवलं.

“काय काढून देऊ, बाबा?”

“जंबिया! दुसरं काय टांगलंय माझं तुझ्याकडं? मुथन्नाचा सुटतो आणि माझा इथं लोंबकळतो, हा कुठला न्याय म्हणायचा?”

शेख हमूदच्या दिवाणखान्यात भिंतीला बारा खुंट्या होत्या आणि सध्या त्यांवर आठ जंबिये, म्हणजे कमरेला पोटावर बांधायचे वाकडे खंजीर, टांगलेले होते. डोंगरातली रीतच अशी. दोन माणसांचं बिनसलं की दोघांनी आपापला जंबिया कमरेचा काढून शेखच्या पायाशी ठेवायचा. ठेवला म्हणजे शब्द दिला: निवाडा होईपर्यंत माझी जीभ आणि माझा हात तुमच्या ताब्यात. निवाडा व्हायला आठवडा लागो की वर्ष, तोवर रिकाम्या पट्ट्यानं फिरायचं. मुथन्ना आणि गालिब यांच्या शेतांमधला दगडी बांध कोसळला होता. तो कुणाच्या चुकीनं कोसळला, यावर चार महिने खल चालू होता आणि चार महिने दोघांचे जंबिये तिसऱ्या-चौथ्या खुंटीवर शेजारी शेजारी, मालकांपेक्षा पुष्कळ गुण्यागोविंदानं राहत होते.

गालिबची नजर तिसऱ्या खुंटीवर गेली आणि त्याचा आवाज अडखळला. मुथन्नाचा जंबिया तिथंच होता.

“हा… हा इथं कसा?”

“इथंच असतो,” मुसैद म्हणाला. चार महिन्यांतली एक दुपार सोडली तर ते खरंही होतं.

“मग ईदच्या दुसऱ्या दिवशी वादी शिहाबात जंबियांच्या नाचात कोणता फिरत होता? माझ्या मेव्हण्यानं बघितलाय! मधासारखी मूठ, वरच्या सोन्याच्या बिल्ल्याला चीर. अशी मूठ या मुलखात दुसरी दाखव, मी मिशी उतरवतो.”

“कुणाच्या कमरेला होता?” मागून आवाज आला. शेख हमूद जिना चढून आला होता.

“माणूस नाही ओळखला त्यानं. तीस जणांची रांग, हा पुढून दुसरा, धूळ उडालेली. आणि असला जंबिया समोर असताना माणसाकडं कोण बघतो, शेखसाहेब? मुथन्नाचाच कुणी पुतण्या-भाचा असणार.”

मुसैदनं फडक्याची घडी घातली. मग ती उलगडली आणि पुन्हा घातली.

“खोलीची किल्ली दोघांकडं असते,” शेख सावकाश म्हणाला. “एक माझ्याकडं, एक अबू जुब्रानकडं. म्हणजे माझ्याकडंच म्हण.”

अबू जुब्रान म्हणजे जुब्रानचा बाप, मुसैदच; पण शेखनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संशय घ्यायचा तर आधी माणूस मोजावा लागतो. शेखनं मुसैदला मोजलंच नव्हतं. विश्वास म्हणतात तो हाच असावा.

“तुम्ही तर ईदला शहरात होता,” गालिब म्हणाला.

“होतो.”

“जाण्याआधी मुथन्नाची सोय करून गेला असाल. म्हातारा माणूस, ईदचा सण, रिकामी कंबर… मी आपलं म्हणतोय.”

निवाडा करणाऱ्यानं एकाला झुकतं माप दिलं असं लोक म्हणू लागले, तर उद्या त्याच्या पायाशी कुणी जंबिया ठेवणार नाही; आणि ठेवले गेले नाहीत तर ते कमरेलाच राहणार आणि कधीतरी बाहेर येणार. पडका बांध अजून पडकाच होता.

“शुक्रवारी नमाजानंतर मशिदीच्या अंगणात मुथन्ना शपथ घेईल,” शेख म्हणाला. “कुराणावर हात ठेवून. आपण जंबिया मागितला नाही, नेला नाही, कुणाकरवी नेववला नाही म्हणून. नाही घेतली, तर तुझा तू घेऊन जा आणि मी या भानगडीतून बाहेर.”

गालिब जिना उतरून गेला. चपला काढल्या नव्हत्या, त्यामुळं पायात घालायचा वेळ वाचला.

*

मुसैदबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही, आणि हीच त्याच्याबद्दलची मुख्य गोष्ट. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. बाजारात तो आला की कुणी सरकून जागा देत नसे आणि गेला की कुणाला जागा रिकामी वाटत नसे. शेखकडे त्याचं काम तीन प्रकारचं: पाहुण्यांना किशर पाजायचं, म्हणजे कॉफीच्या टरफलांचं आलं घालून केलेलं कढत पाणी, गाद्या झटकायच्या, आणि खुंटीवरचे जंबिये सांभाळायचे. पहिल्या दोन कामांचा त्याला कंटाळा होता. तिसऱ्यात त्याचा जीव होता. दर गुरुवारी एकेक पातं म्यानातून काढून तो तिळाच्या तेलानं पुसायचा. कुणाच्या पात्याची मधली शीर उंच आहे, कुणाची मूठ खऱ्या शिंगाची आणि कुणी रंग देऊन खपवलीय, कोण पट्ट्याच्या आतल्या बाजूला ताईत शिवतो, हे सगळं त्याला ठाऊक. ज्यांचे जंबिये, त्या मालकांनाही एवढं ठाऊक नसेल.

त्याचा स्वतःचा जंबिया लग्नात मिळालेला. मूठ प्लॅस्टिकची, साच्यात ओतलेली. पातं जुन्या ट्रकच्या कमानपाट्यातून कापलेलं. वडिलांचा बरा होता, तो रीतीप्रमाणे थोरल्या भावाकडे गेला. प्लॅस्टिकवाल्याबद्दल मुसैदची तक्रार नव्हती. ज्या माणसाकडे कुणी बघत नाही, त्याच्या मुठीकडे तरी कोण बघणार?

पण जुब्रानचं लग्न ठरवायची वेळ आली. जुब्रान म्हणजे त्याचा एकुलता मुलगा, शाळेत मास्तर. मुलगी डोंगरापलीकडच्या वादी शिहाब खोऱ्यातल्या शायफची. शायफचं घर चार मजली, भाऊ तिघं, द्राक्षांचे मळे. ईदच्या दुसऱ्या दिवशी या, असा त्याचा निरोप आला.

त्या सकाळी मुसैदची बायको हुरिया त्याच्या शालीला इस्त्री करता करता एवढंच म्हणाली, “शायफच्या घरातली माणसं आधी कमरेकडं बघतात आणि मग सलाम करतात म्हणे.”

एवढंच. पुढं तिनं काही सुचवलं नाही, आणि नंतर मुसैदनं कितीदा मनात घोळवलं तरी त्या वाक्यातून तिच्या माथी मारण्याजोगं काही निघालं नाही.

शेख शहरात होता. मुसैद खोली झाडायला म्हणून गेला. मुथन्नाचा जंबिया फक्त बघावा म्हणून खुंटीवरून काढला. मग कमरेला कसा दिसतो ते बघावं म्हणून बांधला. पट्टा नेमक्या त्याच भोकात बसला. मुथन्ना आणि तो, दोघंही काटकुळे. म्यानाचं वळण पोटावर सरळ उभं राहिलं, मूठ छातीखाली आली, आणि पाठीचा कणा कुणीतरी वरून ओढल्यासारखा ताठ झाला. काढायला हात गेला तो तिथंच थांबला. जाताना त्यानं एक गोष्ट केली: खुंटी रिकामी दिसू नये म्हणून स्वतःचा प्लॅस्टिकचा जंबिया तिच्यावर टांगला. माणूस चूक नकळत करतो म्हणतात. ज्यानं खुंटीचाही विचार केला, त्याला ती सवलत नाही.

गाडीत जुब्राननं पाहिलं. “बाबा, हा तर…”

“गप्प बस. संध्याकाळी जागेवर जाईल.”

जुब्रान गप्प बसला. पोरगं शहाणं होतं आणि त्याला ती मुलगी हवी होती.

शायफच्या घरी आधी कमरेकडे पाहिलं गेलं आणि मग सलाम झाला, तो छातीला छाती लावून, गालाला गाल लावून. मुसैदला खिडकीजवळ, वरच्या गादीवर बसवलं. शायफचा म्हातारा चुलता वाकून मुठीजवळ डोळे नेत म्हणाला, “माशाल्ला! उन्हात धरली तर आरपार दिसेल. कुणाकडनं आला?”

“वडिलांकडनं,” मुसैद म्हणाला.

एकच शब्द. पण जंबिया पुन्हा खुंटीला टांगता येतो. हा शब्द कुठं टांगणार?

फातिहा वाचला गेला, मुलगी ठरली. मग अंगणात ढोल सुरू झाला आणि पाहुण्याला रांगेत ओढलं. आपल्या गावात मुसैदची जागा रांगेच्या शेपटाला, जिथं पाऊल चुकलं तरी धुळीत खपून जातं. इथं त्याला पुढून दुसरा उभा केला. त्यानं पातं बाहेर काढलं. गुडघे वाकले, जंबिया खांद्याच्या वर गेला, मनगट फिरलं आणि उन्हाची एक तिरीप भिंतीवरून सरसर धावत गेली. छपरावरून बायकांनी किलकाऱ्या मारल्या. पन्नाशी उलटलेल्या माणसासाठी कुणी किलकारी मारावी, असं त्याच्या आयुष्यात घडलं नव्हतं. ढोल वाढला तसा तोही वाढला. खरं सांगायचं तर तो छान नाचला.

दिवेलागणीच्या आत जंबिया खुंटीवर परत गेला. मुठीवरचा घाम मुसैदनं दोनदा पुसला. चोरी नव्हेच, तो स्वतःला म्हणाला, उसना. उसना घेताना समोर देणारा असावा लागतो, हे मात्र त्यानं स्वतःला सांगितलं नाही.

*

बुधवारी मुथन्ना आला. सत्तरीचा, लांब पावलं टाकणारा माणूस. कमरेवरून शाल गुंडाळून घेतली होती, थंडी नव्हती. सलाम करून तो तिसऱ्या खुंटीसमोर बसला आणि मुसैदनं दिलेलं किशर फुंकत फुंकत प्याला.

“बरा आहे ना रे तो?”

“बरा आहे, काका. गुरुवारी तेल लावतो.”

“पोटाजवळ जरा जास्त लाव. तिथं गंज धरतो. माझा आजा पावसात घेऊन झोपला होता एकदा.” तो हसला आणि मग हसू विरलं. “अबू जुब्रान, सत्तर वर्षांत माझ्यावर शपथ घ्यायची पाळी आली नव्हती. मी ‘हो’ म्हटलं की लोक उठून घरी जायचे. आता म्हणे ‘हो’ला कुराणाचा टेकू लावा.”

मुसैदनं पेला पुन्हा भरला. भरलेलाच होता, किशर गादीवर सांडलं.

“असू दे, असू दे. ईदला तर मी बाहेरच पडलो नाही, ठाऊक आहे तुला? पोट दुखतंय म्हणून सांगितलं. रिकाम्या कमरेनं मिठ्या काय मारायच्या? नातवंडं नाचायला गेली. मी छपरावर बसून ढोल ऐकला. चाळीस वर्षांत घरात बसून काढलेली पहिली ईद. आणि हा गालिब म्हणतो, मी तो चोरून नेऊन मिरवला!”

मुसैद सांडलेलं पुसत होता. पुसलेल्या जागेवरून पुन्हा पुन्हा फडकं फिरवत होता.

“तू एक कर,” मुथन्ना उठता उठता म्हणाला. “मी शपथ घेतली की माझ्यामागं उभा राहा आणि एवढंच म्हण, ‘खुंटीवरून हलला नाही.’ राखणारा तू. तुझ्याहून मोठा साक्षीदार कोण? तुझ्यासारख्या माणसाला खोटं बोलायचं कारणच काय?”

“हो, काका,” मुसैद म्हणाला.

त्या ‘हो’वर मुथन्ना समाधानानं जिना उतरला.

घरी हुरियानं ताट वाढलं आणि समोर बसली. चार घास झाल्यावर तो बोलला. सगळं सांगितलं. साक्षीचंही.

“मी म्हटलं होतं का, दुसऱ्याचा बांधा म्हणून?”

“नाही.”

“मग माझ्याकडं असं बघू नका.” तिनं ताटातले भाकरीचे तुकडे गोळा केले. “तोंड उघडलंत तर सून जाईल. जुब्रान वर्षभर माझ्याशी बोलणार नाही, तुमच्याशी दोन वर्षं.”

“आणि नाही उघडलं तर?”

“तर काय. म्हातारा खरी शपथ घेईल, सुटेल. त्याचं काही जात नाही. तुम्ही त्याच्यामागं उभं राहून खोटं बोलाल. ते आज ठाऊक असणार तुम्हाला, जुब्रानला आणि मला. उद्या गालिबचा मेव्हणा शायफच्या गावात कुणाला तरी विचारेल की पुढून दुसरा कोण होता. पण ते उद्याचं. आज मला आणि जुब्रानला ठाऊक असलेलं तुम्हाला चालेल का, ते बघा.”

मुसैदला ते चालण्यासारखं होतं की नाही, हे त्याला गुरुवारभर कळलं नाही. गुरुवारी त्यानं आठही जंबिये पुसले. तिसऱ्याच्या पात्याला पोटाजवळ जरा जास्त तेल लावलं.

*

शुक्रवारी नमाज संपला तरी कुणी घरी गेलं नाही. दुसऱ्याची शपथ बघायला माणूस जेवण थंड होऊ देतो. अंगणात हिरव्या कापडात गुंडाळलेलं कुराण चौरंगावर ठेवलं होतं. शेख हमूद एका बाजूला, गालिब एका बाजूला. मुथन्नानं शाल आणली नव्हती. सगळ्यांसमोर रिकामा पट्टा घेऊन तो उभा राहिला, पुन्हा एकदा हात धुतले, कोरडे केले. मुसैद त्याच्या मागं, दोन हातांवर.

“म्हणा,” शेख म्हणाला.

मुथन्नाचा हात पुढं गेला. म्हातारा हात, शिरा वर आलेल्या. तो कापडाच्या वर एक वीतभर असताना मुसैदला दिसलं की तो कापतोय. भीतीनं नव्हे. भीतीचं कापणं त्याला ओळखता यायचं. हे अपमानाचं होतं.

“थांबा,” मुसैद म्हणाला.

पाणी मागावं तशा आवाजात म्हणाला, म्हणून पहिल्यांदा कुणी ऐकलंच नाही. त्याला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

“थांबा. शपथ नको. तो हलला होता.”

“कोण हलला होता?” शेखनं विचारलं.

“जंबिया. काकांना ठाऊक नाही. मी नेला होता. ईदला, वादी शिहाबात. जुब्रानसाठी मुलगी मागायला.”

मागं कुणीतरी हसलं; थट्टाच वाटली असावी. गालिबची मान पुढं आली.

“तू? पुढून दुसरा, तो तू नाचत होतास?”

“हो.”

“छट्!” गालिब म्हणाला. त्याचा विश्वासच बसत नव्हता, आणि चोर म्हटलं असतं तर मुसैदला त्याहून बरं वाटलं असतं.

जुब्रान मशिदीच्या भिंतीला टेकून उभा होता. सगळे त्याच्या बापाकडे बघत होते. तो स्वतःच्या चपलांकडे.

मुसैदनं आपला पट्टा सोडायला घेतला. ज्याचा अपराध केला त्याच्या पायाशी जंबिया ठेवायचा, ही रीत त्यानं दुसऱ्यांची शेकडो वेळा पाहिली होती. स्वतःवर आली तेव्हा पट्ट्याची कडी अडकली. बोटं ओली झाली होती. तो ओढत राहिला, अंगण बघत राहिलं. कुणी मदतीला पुढं झालं नाही, होणारही नव्हतं. शेवटी कडी सोडून त्यानं म्यानासकट जंबियाच पट्ट्यातून उपसला आणि वाकून मुथन्नाच्या पायाशी ठेवला. फरशीवर प्लॅस्टिकचा ठक्क असा पोकळ आवाज झाला. त्याच्याशेजारी त्यानं खोलीची किल्ली ठेवली.

“याला जामीन म्हणायचं?” गालिबनं विचारलं. “बाजारात कांद्याच्या शेजारी मिळतात असले, दहा घ्या!”

आता हसणारे पुष्कळ होते.

“गप,” शेख म्हणाला. “कमरेचा काढून ठेवला की तो जामीन. कशाचा आहे ते विचारायचं नसतं.”

मग त्यानं वाकून किल्ली उचलली, आपल्या खिशात टाकली, आणि बावीस वर्षांची चाकरी त्या खिशाच्या तोंडाशी संपली.

मुथन्नानं हात मागं घेतला होता. तो कोरडाच होता तरी त्यानं सदऱ्याला पुसला.

“नाचलास त्याच्यासकट?”

“हो, काका.”

“किती वेळ?”

“ढोल थांबेपर्यंत.”

“मूठ अंगठ्याखाली जरा घसरते.”

“एकदा घसरली. सावरली.”

मुथन्नानं पायाशी पडलेल्या प्लॅस्टिकच्या मुठीकडे पाहिलं.

“मागितला असतास तरी मी दिला नसता,” तो म्हणाला. “जामिनातला जंबिया मालकालाही देता येत नाही. पण मागायला यायचं होतंस. मी ‘नाही’ म्हटलं असतं, तू परत गेला असतास. दोघांचं दोघांपाशी राहिलं असतं.”

शेखनं निवाडा सांगितला: उद्या सकाळी मुथन्नाच्या दारात एक मेंढा कापायचा, सगळ्यांसमोर माफी मागायची, म्हाताऱ्यानं मेंढा स्वीकारेपर्यंत मुसैदचा जंबिया शेखच्या घरी राहील. बांधाचं भांडण जिथं होतं तिथंच. गालिबचा आणि मुथन्नाचा असे दोन्ही जंबिये खुंटीवरच. गालिबनं मान हलवली. ज्याच्यावर आळ घेतला तो खरा निघाला होता, आणि हे त्याला मुळीच आवडलेलं नव्हतं.

*

वादी शिहाबाला बातमी आपल्याआधी पोचू नये, म्हणून मुसैद घरी न जाता तसाच रस्त्यावर आला. जुब्रान मागोमाग आला होता.

“मीही येतो, बाबा.”

“तू नको. तू काही बोलला नव्हतास.”

“तेच तर,” जुब्रान म्हणाला. पण तो थांबला.

पिकअपच्या हौद्यात सहा माणसं आणि दोन शेळ्या होत्या. ड्रायव्हर सलीत ओळखीचा. त्याचा एक गाल गातच्या, म्हणजे चघळायच्या नशेच्या पाल्यानं फुगलेला. त्यानं आरशातून पाहिलं. “अबू जुब्रान, घरी काही विसरलात वाटतं?”

“नाही.”

“कुणाशी वाजलं? तुमचं?” आणि सलीत एवढ्या मनापासून हसला की गाडी कडेला गेली. मुसैदचं कुणाशी वाजावं, हाच विनोद होता. हौद्यातल्या माणसांनी घाटभर त्याच्या पोटाकडे पाहिलं. त्यानं शाल ओढून घेतली. मग मुथन्नाची आठवण झाली आणि सोडून दिली.

शायफ मळ्यातून नुकताच आला होता. दारात त्यानं मिठी मारली, पाठीवर थाप दिली, वर नेलं, त्याच खिडकीजवळच्या गादीवर बसवलं. त्याचे दोघं भाऊ बसलेले होते. कमरेकडे सगळ्यांनी पाहिलं आणि कुणी काही विचारलं नाही. पाहुण्याला आधी बसू द्यायचं असतं.

“त्या दिवशीचा जंबिया माझा नव्हता,” मुसैद बसता बसताच म्हणाला. आणखी थांबला असता तर ते निघालं नसतं.

“ठाऊक आहे,” शायफ म्हणाला.

“बातमी आली?”

“कसली बातमी? तेव्हाच कळलं. तुम्ही बसताना त्याला दोन्ही हातांनी सावरत होता. दुसऱ्याचं तान्हं पोर मांडीवर घेतल्यासारखं. स्वतःचा जंबिया माणूस विसरून जातो, अबू जुब्रान. तुम्ही दुपारभर विसरला नाहीत.”

“मग बोलला का नाहीत?”

“पाहुण्याला? मला वाटलं, भावाचा असेल, मित्राचा असेल, मागून आणला असेल. लग्नकार्याला आम्हीही मागून आणलेत. त्यात काय लाजायचं? पण तुम्ही वडिलांचा म्हणालात, तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं.”

“मागून आणला नव्हता,” मुसैद म्हणाला आणि उरलेलं सांगितलं. खुंटीचं सांगितलं. मुथन्नाच्या ईदचं सांगितलं. अंगणातलं हसणंही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती तरी. शायफचे भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते, यावरून त्यांना काय वाटतंय ते कळत होतं.

शायफनं बराच वेळ दाढी कुरवाळली.

“फातिहा काही मुठीवर वाचला नव्हता,” तो म्हणाला. “मुलगी जुब्रानला दिली ती दिली. तिच्या आईलाही मी हेच सांगेन.”

मुसैदचे डोळे भरून आले. त्यानं आभार मानायला तोंड उघडलं.

“एक आहे,” शायफ म्हणाला. त्याचा आवाज वर गेला नव्हता. उलट थोडा खाली आला होता. “लग्नाला या. वरच्या गादीवर बसा, जेवा, चार माणसांना भेटा. पण नाचायला रांगेत उभे राहू नका. आमच्या लोकांनी तुम्हाला एकदा नाचताना बघितलंय.”

“नाही राहणार,” मुसैद म्हणाला.

“ठीक.”

तेवढ्यात आतून जेवण आलं. दगडी भांड्यात रस्सा अजून उकळत होता, वरचा मेथीचा फेस कडेनं उतू जात होता. शायफनं भांडं मधोमध ठेवलं आणि गरम भाकरीचा मोठा तुकडा तोडून मुसैदच्या बाजूला सरकवला.

“घ्या. बिस्मिल्ला.”

सगळे भांड्यावर वाकले. वाकताना प्रत्येकानं डाव्या हातानं आपापला जंबिया पोटाशी दाबून धरला, मूठ रश्श्यात जाऊ नये म्हणून. ते कुणाला सांगावं लागत नाही. मुसैदचाही डावा हात सवयीनं तिथं गेला. तिथं नुसता सदरा होता. हात परत घ्यावा असं त्याच्या मनात आलं, पण समोर शायफ मान खाली घालून मुद्दाम फक्त जेवणाकडे बघत होता. मुसैदनं हात तसाच पोटावर ठेवला आणि उजव्या हातानं भाकरी रश्श्यात बुडवली.